‘स्पेंड’चं कार्ड

३ मार्च
चहा सांडला! नेमका कोशाच्या कार्डावर — ‘स्पेंड’. अर्थ वाचता येतात, काकांनी लिहिलेलं उदाहरण पार धुऊन गेलं. चाळीस वर्षं ते हा इंग्रजी-मराठी कोश करताहेत. मी दहावी नापास, शुद्धलेखन बरं म्हणून ठेवलेला. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

४ मार्च
नवं कार्ड केलं. खर्च करणे. वेळ घालवणे. शक्ती संपवणे. मूळ लॅटिन — तोलून देणे. काका म्हणाले होते, “अरे, पूर्वी पैसा तोलून देत. हातातून सोडायचं ते आधी तराजूत घालायचं!”
उदाहरणाची जागा कोरी. हात आपोआप चालला — ‘आईचा शेवटचा दिवस त्याने कार्डं लावण्यात घालवला.’
खोडलं नाही. कार्डावर खाडाखोड चालत नाही.

५ मार्च
दुपारी बाराला काकांच्या खोलीतला फोन वाजला. दचकलो. माझ्यासाठी नव्हता.

७ मार्च
आईला जाऊन दोन महिने. ताई अजून बोलत नाही. त्या दिवशी दारातच म्हणाली, “बाराला निरोप दिला, आणि आता उगवतोस? दाराकडे बघत गेली ती!”
सकाळी आई बरी होती, म्हणून कामावर गेलो. ‘आर’ अक्षराच्या कार्डांचा गठ्ठा छापखान्यात जायचा होता. संध्याकाळी सहाला काका म्हणाले, “घरून फोन आलाय, पळ.” पळालोच. ताईला दुःखात वेळेचं भान राहिलं नसेल — असं मी धरून चालतो.
पण आई बघते. कुठलंही दार असो. आज कपाट उघडलं, तरी.

९ मार्च
काकांनी भिंग धरून कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं.
“हे वाक्य माझं नाही.”
“चहा सांडला, काका. चुकलो.”
गेली नोकरी, वाटलं.
“माझं होतं, ‘सुट्टी आम्ही समुद्रावर घालवली.’ उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही मी, लेका!” हसले नाहीत. भिंग पुन्हा त्याच वाक्यावर धरलं. “राहू दे इथे. उद्या बघू.”

१० मार्च
काका खोलीबाहेर आले नाहीत. कार्ड माझ्या टेबलावर. वाक्य तसंच, पुढे बरोबरची खूण. मागे त्यांच्या अक्षरात —
‘फोन बाराला आला होता. ‘आर’ पुरा व्हायचा होता.’
दोनदा तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.