घरांना वळसा घालून गेलेला पूर

नदीकाठ, पलूसजवळ

ती. आईस,

संयोगिताचा नमस्कार. मी मजेत आहे. गुणमालाकाकूंकडं राहते, भाकरी चुलीवरची मिळते. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या लोकांना मोबाईलवर गावाचा नकाशा करायला शिकवते. मोबाईल धरून चाललं, की नकाशावर रेघ उमटते. परवा म्हटलं, मागचा पूर जिथवर आला होता, त्या कडेनं चाला. लय हौसेनं चालले गं! नकाशा उघडला, तर रेघ प्रत्येक घराला वळसा घालून गेलेली. पूर कुणाच्याच घरात शिरला नव्हता!

काकूंच्या भिंतीवर खांद्याएवढा पाण्याचा डाग अजून आहे. म्हणाल्या, "दारात पाणी येतंय म्हनून दिसलं, तर माज्या पारसला पोरगी कोन देईल?" पण पुढच्या पुरात बोट कुठं पाठवायची, ते याच नकाशावरून ठरणार आहे.

फोनवर बोलताना जयराजदादा तुझ्या शेजारी असतो, म्हणून लिहिते. त्याचं नवं घर नदीकडच्या पट्टीतच बांधलंत ना? रविवारी मुलीकडचे बघायला येतील. इथं पाणी येतं का, असं त्यांनी विचारलं, तर तू काय सांगशील?

मी तिथं असते तर काय सांगितलं असतं, तेच मला कळेना झालंय.

तुझीच,
संयोगिता