ईस्टरच्या पहाटे तिचं नाव तू घे

दौंड, झावळ्यांचा रविवार, २००३

प्रिय शमू,

प्रभूच्या नावात सलाम.

आज मंडळीची मिरवणूक झाली. पोरांनी शिंदीच्या झावळ्या अर्ध्या वाटेतच एकमेकांच्या डोळ्यांत घातल्या. येशू यरुशलेमात शिरला, त्यावरचा संदेश मी दिला. गाढवी आणि शिंगरू दोन्ही नीट वेगळी सांगितली. एका शुभवर्तमानात जनावरं दोन आहेत, बाकीच्यांत एकच, हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तू चिडवायचास, "दादा, गाढवंच मोजत बसलास तर यरुशलेम कधी यायचं?" तू सेमिनरीत शिकलास, आता शिरूरच्या शाळेत मास्तर आहेस. मी रेल्वेच्या शेडमधून आल्यावर एकट्यानं शास्त्र वाचलं. तरी पाळकसाहेबांची बदली झाल्यापासून मंडळी मलाच उभं करते, याचा मला गर्व आहे. असू दे.

शुक्रवारचा संदेश तयार आहे. क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी माझ्याकडे नेहमीचा चौथा, देवानं टाकून दिल्याचा. यंदा तो एका बैठकीत लिहून झाला. अडलंय ते ईस्टरच्या रविवारचं. कबरीवरची धोंड लोटलेली होती, इथवर लिहितो आणि हात थांबतो.

कापणीच्या सणाला आमच्या एस्तेरनं परसातला लाल भोपळा डोक्यावरून नेऊन वेदीपाशी ठेवला, आणि ललितानं अर्पणांच्या लिलावात तोच परत घेतला. मायलेकींना तू किती हसला होतास! पुढच्या खेपेला आलास तो मातीलाच. एकोणीस वर्षांची पोर, साधा ताप म्हणत म्हणत गेली. तू गेल्यावरचं तुला कळवलं नाही. नाताळात कॅरलवाली पोरं गल्लीत आली आणि आमच्या दाराशी पेटी बंद करून मुकाट पुढं गेली. त्यांनी आमच्या दुःखाचा मान राखला. पण ललिता ताटात करंज्या घेऊन दारात उभी होती. "आमच्या घरात येशू जन्माला येत न्हाई व्हय?" म्हणाली. करंज्या तशाच मऊ पडल्या.

परवा मंडळीचे पंच सोपानराव घरी आले. "दानीएलभाऊ, यंदा तुमच्या घरचं नाव गाळू. लोक समजून घेतील." मी त्यांच्यावर ओरडलो. गाळायचं नाही.

आमची रीत तुला माहीत आहे. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत मेणबत्त्या लागल्या की संदेश देणारा वर्षभरात पुरलेल्यांचं एकेक नाव मोठ्यानं घेतो, आणि प्रत्येक नावाला मंडळी म्हणते, "उठेल!" आजवर ती नावं मी घेतली, खणखणीत. आपल्या आबांचंसुद्धा. पण हिचं नाव घेऊन उत्तरासाठी थांबायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून हे पत्र. शनिवारी दुपारच्या एसटीनं ये. संदेश तुझा, तुला हवा तसा दे. मी चुका काढणार नाही. फक्त नाव पूर्ण घे, एस्तेर दानीएल साळवे, आणि घाई करू नकोस. मी मागं ललिताजवळ उभा राहीन. माझ्या तोंडून उत्तर निघालं नाही, तर मंडळीनं माझ्या वाटचंही म्हणावं, एवढं त्यांना आधी सांगून ठेव.

तुझाच,
दादा