मुकं नाणं

ता. ४ मार्च
चि. सौ. चिमणीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खण्ण... आणि मग बराच वेळ लांबत जाणारी ती झिणझिण. आज चहा गार होईपर्यंत तोच आवाज कानात होता. आठवतं ना, चांदी आटवायच्या आपल्या दुकानात मी प्रत्येक नाणं दगडावर वाजवून बघायचो? शाळेतल्या कवितेच्या चालीसारखं शेवटपर्यंत लांबलं तर खरं, मध्येच बसलं तर खोटं. जहाजाच्या चित्राची नाणी सगळ्यांत गोड वाजायची. त्यांत चांदी भरपूर, म्हणून सगळे आटवणारे तीच वेचून वितळवायला मुशीत टाकायचे.

काल संग्रहालयात गेलो होतो. तिथल्या बाई म्हणाल्या, ही नाणी आता शोधून सापडत नाहीत. मी म्हटलं, सापडतील कशी? निम्मी मीच आटवली! त्यांनी त्यांच्याकडचं एकुलतं एक दाखवलं. सवयीनं वाजवून पाहिलं, तर ठप्प. मी खोटं म्हणून मोकळा झालो. बाई म्हणाल्या, आजोबा, नाणं खरं आहे, आत बारीक चीर आहे. वाजत नाही म्हणूनच तर मुशीतून वाचलं.

चिमणे, लगेच तुझे यजमान आठवले. मेहुण्यांनी तुमच्या लेकीच्या चांदीच्या वाटीसाठी त्यांच्या आईनं दिलेलं असंच नाणं आणलं होतं. मी चार गिऱ्हाइकांसमोर ते खोटं ठरवलं. तीस वर्षं त्यांनी माझा उंबरा ओलांडला नाही. आहे का गं ते अजून? चूक माझी होती, एवढं त्यांना सांग. फेकून मारलं तरी चालेल.

तुझा लोभ आहेच, त्यांचाही मिळावा.
दादा

ता. ११ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, तुझ्या भावाचे कान एकदाचे उघडले म्हणायचे! नाणं आहे, दादा. शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डबीत. फेकून मारायला आता फार महाग झालंय, असंही म्हणाले. दादाकडे जाणार का विचारलं, तर डबी परत खणात ठेवून दिली. तू उगाच वाट बघत उपाशी बसू नकोस.

माया आहे तशीच ठेव.
चिमणी

ता. १५ मार्च
चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तीन दिवसांत दारात दूधवाला, वीजबिलवाला आणि शेजारची मांजर एवढी मंडळी येऊन गेली. मेहुणे काही येत नाहीत, मला कळतं ते. पण मी पुन्हा लिहीन. तेवढ्यानं भागलं नाही तर कवितेत लिहीन, मग तरी...

थांब गं. दाराच्या कडीवर कुणीतरी काहीतरी आपटतंय. ठप्प. परत ठप्प.

चिमणे, हा आवाज मी ओळखतो. पत्र अर्धंच ठेवतो, दार उघडायला हवं.