तुमच्या स्कूटरनं पुन्हा धूर सोडला

प्रिय अहो,

काल तुमची स्कूटर चालू झाली! ही बातमी तुमच्याआधी दुसऱ्या कोणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यापासून ती जिन्याखाली उभीच होती. परवा आपला प्रशांत पुण्याहून आला, किका मारून मारून घामाघूम झाला आणि म्हणाला, "आई, भंगारात देऊन टाकू. उद्या माणूस बोलावतो." लेकरू वाईट बोललं नाही, पण मी गुपचूप तुमच्या सलीम मिस्त्रींना फोन लावला.

काल सकाळी ते आले. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. गाडी चालू झाली, पण फुरफुर करून लगेच बंद!

"भाबी, इंजिनात लई दम हाय. पन धूर बाहेर जाऊन नाही राहिला. सायलेन्सर चोंदलाय."

"धूर अडला म्हणून गाडी कशी अडेल?" प्रशांतनं विचारलं.

आणि अहो, मीच बोलायला लागले!

आठवतो का माहूरचा घाट? लग्नानंतर देवीला निघालो होतो आणि चढावर गाडी तापली. मी उपाशी, ऊन डोक्यावर, आणि तुम्ही दगडावर बसून मला इंजिन शिकवत होता! किती राग आला होता मला. शाळा सुटली तरी तुमच्यातला मास्तर काही सुटायचा नाही.

काल मी तसंच केलं. डबा घेतला, त्यात मूठ घातली. "हा दट्ट्या. वर गेला की वरचं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, त्याच वेळी त्याच्याखालच्या बंद पेटीत नवं ओढून घेतो. वर ठिणगी पडली की भडका! त्या जोरानं दट्ट्या खाली येतो, चाक फिरतं. येता येता आधी धुराची वाट उघडते, मग ताज्या मिश्रणाची. खाली दाबलेलं ताजं वर घुसतं आणि उरलेला धूर ढकलून देतं. दर फेऱ्याला एक भडका. आताच्या गाड्यांना त्यासाठी दोन फेरे लागतात. म्हणून तर एवढंसं इंजिन आपल्या तिघांना ओढायचं. जुना धूर गेलाच नाही, तर ताज्याला जागा कुठून मिळणार?"

"आई! तुला हे कसं माहीत?"

"तुझ्या बाबांशी संसार केलाय मी!"

सलीमभाई खो खो हसले. पेट्रोलमधल्या ऑइलची काजळी साचली होती म्हणाले. अंगणात लाकडं पेटवून सायलेन्सर भाजला, ठोकून काजळी पाडली, गार झाल्यावर बसवला. प्रशांतनं किक मारली आणि काय सांगू! फटफट फटफट, सगळी गल्ली निळ्या धुरानं भरली. शेजारच्या वन्सं खोकत ओरडल्या, "अगं, सर आले का काय?"

माझे डोळे भरून आले. धुरानं, असं सांगितलं मी. प्रशांतही तोंड फिरवून बराच वेळ हात पुसत बसला.

तेवढ्यात भंगारवाला दारात! प्रशांत स्वतः पुढे गेला. "मामा, माफ करा, गाडी चालू हाय. द्यायची नाही." पुण्याचा झालेला पोरगा किती दिवसांनी असं आपल्या अहमदपूरचं बोलला!

एक मात्र विचारते. इतकी वर्षं मागे बसवलंत, एकदाही हँडल हातात का दिलं नाही? "तुला झेपायचं नाही," म्हणे! अहो, संध्याकाळी धान्याच्या मोंढ्यातल्या मोकळ्या मैदानात मी चालवली. प्रशांत मागून पळत होता. पहिल्या गिअरला असा हिसका बसला, की सरळ रिकाम्या पोत्यांच्या ढिगात! काही लागलं नाही. उठले आणि पुन्हा चालवली. दुसरा गिअर पडला तेव्हा मी मोठ्यानं ओरडलेच. लाज सोडली होती, काय करणार?

आता रागावू नका. शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरलाय. ते हातात येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढणार नाही, तुमची शपथ. त्यानंतर मात्र तुमचंही ऐकणार नाही.

तुमचीच,
सुनंदा