चाळणीने टाकलेले थेंब

दि. १४ मार्च, गुरुवार

प्रिय शंकासुरा,

आशीर्वाद. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. वॉकर घेऊन खोलीभर फिरते आणि नर्सना शिस्त लावते. छोटीला म्हणावं, तिचं चित्र आत्याने टेबलासमोर चिकटवलंय.

पाच वर्षांनी लिहिते आहे, तर एवढ्यावरच थांबावंसं वाटतंय.

परवा नर्सने आईला विचारलं, "धाकटा काय करतो?" आई म्हणाली, "शास्त्रज्ञ व्हायचा होता, पण त्याला झेपलं नाही." ते वाक्य माझं आहे. तू प्रयोगशाळा सोडून शाळेत शिकवायला गेलास, तेव्हा मीच तिला ते सांगितलं होतं. तिने ते इतकी वर्षं जपून ठेवलं.

तुला ती निर्वात पेटी आठवत असेल. तिच्यात आपण केसाहून बारीक थेंब सोडायचो. पडता पडता ते शून्याच्या खूप खाली जायचे, तरी गोठायचे नाहीत. मग निमिषाच्याही कणाएवढा क्ष-किरणांचा झोत, आणि दर थेंबामागे एक वर्णपट. असे लाखो. त्यातले बिघडलेले वगळायला मी संगणकावर चाळणी लिहिली होती. उरलेल्यांवरून मी शोधनिबंध लिहिला, की अतिथंड पाणी एका द्रवरूपातून दुसऱ्यात एका झटक्यात जातं, मधली पायरीच नाही. हे पद, ही खोली, दारावरची पाटी, सगळं त्या निबंधाचं.

तो निबंध पाठवण्याआधी एका सकाळी तू म्हणालास, "ताई, तुझी चाळणी नेमके मधलेच थेंब टाकतेय. ना धड हे, ना धड ते. मग मधलं काही दिसणार कसं?" दुपारच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या शंकासुराला कचऱ्यात हिरे दिसतात." सगळे हसले. तूही हसलास. महिन्याभरात तू गेलास.

दवाखान्यातून येऊन मी टाकलेले वर्णपट उघडले. मधले थेंब तिथे आहेत, हजारोंनी. पाणी पायरी पायरीने बदलतं.

इथे पत्र संपवलं असतं तर तुला वाटलं असतं, ताईला उशिरा का होईना उमगलं. तसं एक पत्र लिहिलंही होतं. फाडलं.

मला उशिरा उमगलं नाही रे. त्याच दिवशी तू जेवायला गेलास तेव्हा मी चाळणी काढून आलेख पाहिला होता. तुझंच खरं होतं. निबंध तीन दिवसांनी पाठवायचा होता. मी फाइल बंद केली, बैठकीत गेले आणि मग तो विनोद केला.

काल निबंध मागे घेतला. कारण लिहिलंय: चूक माझ्या भावाने वेळेवर दाखवली होती, मी ती जाणूनबुजून दडवली. चौकशी बसेल, पाटी बहुधा उतरेल. आईला सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी चार लोकांत त्याला नावं ठेवत बसले." माझ्याशी अजून बोलत नाही.

तुला तिचा फोन येईल. उचल. तिची काही चूक नाही.

सोबतच्या डिस्कवर सगळे टाकलेले वर्णपट आहेत. ते तुझे. त्यांचं काय करायचं ते तू ठरव, फक्त माझं नाव त्यात घालू नकोस. क्षमा मागत नाही, कारण मागितली तर तू देशील, हे मला ठाऊक आहे.

जिला त्याच दुपारी कळलं होतं, ती
तुझी ताई