गरम कुंडातली ओंजळ

बाबा, नव्वदच्या दशकात तुम्ही पुण्याहून पहिल्यांदा आणि शेवटचे अमेरिकेत आलात, तेव्हा मी कोलोरॅडोच्या डोंगरातल्या त्या भपकेबाज हॉटेलात असिस्टंट मॅनेजर होतो. दर शनिवारी पाहुण्यांना हॉटेलचा इतिहास सांगत फिरवायचं काम माझ्याकडे होतं. चांदीच्या खाणीवर गब्बर झालेला मालक, त्याने गरम झऱ्यावर बांधलेलं कुंड, सांधेदुखी घेऊन येणाऱ्या श्रीमंत बायका, हे सगळं मी अगदी रंगवून सांगायचो. झरा मुळात ज्यांचा होता त्या आदिवासींना हुसकावलं, ते गाळायचो. तुम्ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे कॉरिडॉरमधली प्रत्येक फ्रेम बोट ठेवून वाचलीत. एकीत जुना नियम होता: काळ्यांनी कुंडात उतरायचं ते फक्त पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशी.

"हे सांगतोस लोकांना?"

"नाही बाबा. लोक व्हेकेशनला येतात, मूड जातो."

"तुझ्या आजोबांनी महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी डोकं फोडून घेतलं. त्यांचाही मूड गेला असेल."

शनिवारी तुम्ही टूरच्या मागोमाग आलात. मी कुंडापाशी बोलतोय, आणि तुम्ही बूट काढून काठावर गुडघे टेकता, ओंजळ भरता, पिता. गंधकाचं पाणी, वीस माणसं त्यात डुंबत असलेली. तुम्हाला जोराचा ठसका लागला, शर्ट भिजला, कोणीतरी फिदीफिदी हसलं. माझी बॉस धावत आली.

"इज ही विथ यू?"

"नो. आय डोन्ट नो हिम."

तुम्ही तोंड पुसलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "सॉरी फॉर द ट्रबल, सर." उच्चार एकदम स्वच्छ. माझं एक स्पेलिंग चुकलं तरी तुम्ही छडीने हात सुजवायचात. तुमच्या तोंडून ते 'सर' ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

उरलेले आठ दिवस तुम्ही माझ्याशी फक्त इंग्रजीत बोललात. जेवताना मीठसुद्धा 'प्लीज' म्हणून मागितलंत. वर्षाच्या आत तुम्ही गेलात. आई अजून म्हणते, तिथलं पाणी बाधलं. हे तिला वाचून दाखवणार होतो, पण आता नाही दाखवणार. बायकोला मी सांगितलंय की नोकरीचा प्रश्न होता. तसं काही नव्हतं. बॉस आली तेव्हा तिच्या हातात तुमच्यासाठी कोरडा टॉवेल होता, आणि 'नो' म्हणण्याआधीच मला तो दिसला होता.