नववा झटका

३ मार्च
ल्युब्लियानाच्या या इस्पितळात विजेच्या झटक्यांनी कर्करोगाची गाठ मारता येते. पन्नाशीच्या नव्या तंत्रज्ञाला सपाता मात्र मिळत नाहीत. इतिहासाने या अन्यायाची नोंद घ्यावी. बाहेरचे बूट दारात काढायचे, हा आमचा देशधर्म. आणि मी सपाता माझ्या गावी, मारिबोरलाच विसरलो. झ्देन्का सिस्टर म्हणाली, आलात जावयासारखे हात हलवत! मग खुंटीवरच्या द्रागोच्या लोकरी सपाता दिल्या. द्रागो माझ्या आधीचा तंत्रज्ञ. उसन्या आहेत, धुऊन परत करायच्या, अशी तंबीही दिली.

काम झकास. गाठीत सुया, पायाखाली पेडल. एका दाबाला एक झटका. आठ झटक्यांपर्यंत यंत्र हृदयाचे ठोके सांभाळून झटका सोडतं; पुढे सांभाळत नाही. म्हणून आठ झाले की थांबायचं.

५ मार्च
लोव्रो खाटीक टेबलावर. आठ मोजले. नववा माझ्या पायाने दिला. मी नाही, पायाने. भूल दिलेलं ते धड धनुष्यासारखं उसळलं, खांदा निखळला, जीभ दातांत सापडून तुटली. डॉक्टर म्हणाले, नवीन आहात, पाय घसरला असेल.

६ मार्च
झ्देन्काला द्रागोबद्दल विचारलं. त्याच्याही यकृतात गाठ होती. याच टेबलावर आठ झटके दिले. तांदळाएवढी उरली, तिनेच त्याला खाल्लं. शेवटपर्यंत ओरडत होता म्हणे, कंजूष मेल्यांनो, अजून एक दिला असतात तर काय देशातली वीज संपली असती?

१० मार्च
आज द्रागोच्या सपाता काढून अनवाणी गेलो. तरी नववा. बाईचं हृदय थांबलं. छाती दाबताना फासळ्या मोडल्या, कट् कट्. वाचली. हात माझं ऐकत होते. पाय नाही.

११ मार्च
डॉक्टरांना पायाचं सांगितलं. हसले. म्हणाले, दुसरा तंत्रज्ञ नाही. उद्या पाव्ला आजी — गाठ हृदयाला चिकटलेली. नववा बसला तर संपलीच. मधाची बरणी हातात देऊन म्हणाली, पोरा, नीट कर हो, माझ्या माश्या वाट बघतायत.

१२ मार्च, सकाळ
सुया माझ्याच उजव्या पायात खुपसल्या. पेडल हाताने दाबलं. एक — पोटरी फाटली. चार — टाच लोखंडावर आपटली, रक्त — आठ.
पाय मेला. लाकूड झालाय. आता डाव्याने दाबेन. आठच.

लंगडत गेलो. धुतलेल्या सपाता खुंटीला लावल्या. उसनं फिटलं.

पाव्लाला आत आणतायत. सुया लावल्या. मी बसलोय, अजून पेडलला पाय लावला — नाही, मी नाही — डावा आपोआप दाबतोय — पाच — सहा — झ्देन्का, तार उपट — आठ — न